मेंदूतली कुठली पेशी मरतेय हे कळतं कसं? फ्लुओरो-जेड स्टेनबद्दल जरा सविस्तर

अमुक औषधाने मेंदूच्या पेशी मरतात, तमुक केमिकलने उंदरांच्या मेंदूला इजा झाली, अशा बातम्या आपण सारख्या वाचतो, पण त्या पेशी मेल्या हे बघितलं कुणी आणि कसं, हे बातमीत जवळजवळ कधीच नसतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच असतं, कारण पेशी मरताना कशी पकडतात हे माहीत असलं की त्या बातमीवर किती विश्वास ठेवायचा हे आपलं आपल्याला ठरवता येतं. म्हणून त्यातल्या एका पद्धतीबद्दल लिहितोय, फ्लुओरो-जेड नावाच्या रंगाबद्दल, ज्याने मरणारे न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या संदेश वाहणाऱ्या पेशी, हिरवेगार चमकतात आणि धडधाकट न्यूरॉन अंधारातच राहतात.

आधी अडचण काय आहे ते बघू. मेंदूचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली तसाच ठेवला तर त्यात फारसं काही दिसत नाही, सगळं फिकट आणि पारदर्शक. म्हणून रंग द्यावा लागतो. जर्मनीच्या फ्रांझ निस्लने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूरॉन निळे-जांभळे दिसतील असा स्टेन शोधला, तो आजही लॅबमध्ये रोजच्या वापरात आहे. पण निस्ल सगळ्याच न्यूरॉनना रंगवतो, मग त्यातला मरणारा कुठला हे आकारावरून ओळखायचं, म्हणजे पेशी आक्रसलीय का, केंद्रक गडद झालंय का वगैरे. पॅथॉलॉजीवाल्यांचा नेहमीचा गुलाबी-जांभळा एच अँड ई स्टेन घेतला तर त्यात रक्तपुरवठा तुटून मेलेले न्यूरॉन लालसर दिसतात, त्यांना रेड न्यूरॉन असंच म्हणतात, पण तो लालसरपणा यायलाही साधारण १२ ते २४ तास जातात, आणि बघणाऱ्याचा डोळा तयार असावा लागतो.

शिवाय एक मोठा घोळ असतो, डार्क न्यूरॉनचा. मेंदू नीट फिक्स व्हायच्या, म्हणजे रसायनाने आहे तसा पक्का व्हायच्या, आधी बाहेर काढताना दाबला गेला, हिसका बसला, तर चांगले धडधाकट न्यूरॉनसुद्धा आक्रसून गडद दिसायला लागतात. म्हणजे इजा झाली प्राणी मेल्यानंतर, आपल्या हाताने, आणि रिपोर्टमध्ये नाव मात्र औषधाचं. हा घोळ कित्येक दशकं लोकांना छळत आलाय आणि अजूनही छापलेल्या पेपरांमधल्या फोटोंत असे न्यूरॉन ‘मृत’ म्हणून दाखवलेले सापडतात, जे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या एका फोटोवर पुढे कुणीतरी आपली दोन-तीन वर्षं घालवणार असतं.

यावर आधीचा उपाय होता चांदीचा. १९५४ मध्ये नाउटा आणि गायगॅक्स यांनी चांदीचे क्षार वापरून फक्त खराब होत चाललेले तंतू काळे दिसतील अशी पद्धत दिली, नंतर तिच्या बऱ्याच सुधारित आवृत्त्या आल्या, आणि रिझल्ट खरोखर सुंदर येतो, सोनेरी जमिनीवर काळे बारीक धागे. पण ती पद्धत अतिशय लहरी, पाण्याची शुद्धता, काचेच्या भांड्यांची सफाई, वेळ, यातलं काही जरा चुकलं की सगळी स्लाइड काळी नाहीतर कोरी. ज्याला एकदा तीनशे कापांवर काम करायचंय त्याला ते परवडत नाही.

आता फ्लुओरेसन्स म्हणजे काय ते थोडक्यात. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश आत घेतात आणि लगेच दुसऱ्या, जास्त तरंगलांबीच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्ये हे नीट मांडलं. निळा प्रकाश टाकायचा, हिरवा परत येतो, मध्ये एक फिल्टर लावून मूळचा निळा अडवायचा, म्हणजे डोळ्यापर्यंत फक्त हिरवा पोचतो आणि बाकी सगळं काळंकुट्ट. याचा फायदा असा की काळ्या जमिनीवर अगदी थोडा रंगसुद्धा दिसतो. १८७१ मध्ये आडोल्फ फॉन बायरने फ्लुओरेसीन नावाचं रंगद्रव्य बनवलं आणि ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलंय, डोळ्यात काही गेलं किंवा बुबुळावर ओरखडा आला की डोळ्यांचे डॉक्टर एक पिवळी-केशरी पट्टी टेकवतात आणि निळ्या दिव्याखाली बघतात, तो ओरखडा हिरवा चमकतो, तेच ते. फ्लुओरो-जेड याच फ्लुओरेसीनच्या कुळातला.

हा रंग आला १९९७ मध्ये, लॅरी श्मूएड आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून, अमेरिकेत अर्कान्सॉ राज्यातल्या जेफरसन गावी एफडीएची, म्हणजे तिथल्या सरकारच्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, विषशास्त्राची मोठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे तिथून. जागा लक्षात घ्या. एफडीएला रोज हाच प्रश्न पडलेला असतो की हे औषध, हे केमिकल, मेंदूतले न्यूरॉन मारतं का, आणि त्यासाठी त्यांना चांदीइतकं नेमकं पण चांदीसारखं लहरी नसलेलं काहीतरी हवं होतं. २००० मध्ये याच गटाने फ्लुओरो-जेड बी आणलं, २००५ मध्ये फ्लुओरो-जेड सी, आणि प्रत्येक वेळी सिग्नल आणि मागचा उजेड यांतला फरक वाढत गेला. सी हा प्रकार लवकर फिका पडत नाही, म्हणून आता बहुतेक लोक तोच वापरतात.

करतात कसं ते सांगतो, कारण प्रत्येक पायरीमागे कारण आहे. प्राण्याच्या रक्तवाहिन्यांतून आधी फिक्सेटिव्ह सोडून मेंदू आतूनच फिक्स करतात, मग त्याचे साधारण २० ते ४० मायक्रॉन जाडीचे काप काढतात, माणसाच्या केसापेक्षा पातळ, आणि ते जिलेटिन लावलेल्या स्लाइडवर घेऊन ५० ते ६० अंशांवर चांगले वाळवतात. वाळवणं अर्धवट राहिलं तर पुढच्या द्रावणात काप सुटून तरंगायला लागतो. मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये केलेल्या १ टक्का सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ५ मिनिटं, मग ७० टक्के अल्कोहोल २ मिनिटं, मग पाणी. त्यानंतर येतं पोटॅशियम परमँगनेट, आपल्याकडे गावच्या विहिरीत टाकायचे ते जांभळे खडे, तेच, ०.०६ टक्के, १० मिनिटं.

या परमँगनेटबद्दल थांबून बोलायला पाहिजे. मेंदूचा काप स्वतःच थोडा थोडा चमकत असतो, रंग न लावताही. त्यात उरलेल्या रक्तपेशी चमकतात, म्हाताऱ्या न्यूरॉनमध्ये साठलेलं लायपोफ्युसिन नावाचं पिवळसर द्रव्य चमकतं, फिक्सेटिव्हमुळे प्रथिनंही थोडी चमकतात. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलांच्या मध्ये उभं राहून शेजारच्याचं बोलणं ऐकायचा प्रयत्न करा, तशी त्या मरणाऱ्या न्यूरॉनच्या हिरव्या उजेडाची गत होते. परमँगनेट हा मागचा गोंगाट दाबतं आणि सगळ्या कापांवर रंग सारखा बसायला मदत करतं. पण ते गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवलं तर खरा सिग्नलही दबतो, कमी ठेवलं तर सगळंच हिरवं. म्हणून ज्या कापांची एकमेकांशी तुलना करायचीय ते सगळे एकाच वेळी, एकाच भांड्यात, बुडवायचे. औषध दिलेले सोमवारी आणि न दिलेले बुधवारी असं केलं तर नंतर दिसणारा फरक औषधाचा की परमँगनेटचा, हे कुणीच सांगू शकणार नाही.

मग खरा रंग. फ्लुओरो-जेड सीचं प्रमाण असतं ०.०००१ टक्के, म्हणजे एका लिटरमध्ये फक्त १ मिलिग्रॅम, आणि तेही ०.१ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये. या रंगाचे रेणू ऋणभारित असतात आणि आम्लात टिश्यूमधले बरेचसे रेणू धनभारित होतात, त्यामुळे ओढ तयार होते. १० मिनिटं ठेवायचं, पाण्याने तीनदा धुवायचं, वाळवायचं, झायलीन नावाच्या द्रावकातून काढून डीपीएक्स नावाचा चिकट पदार्थ लावून वर पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप. शेवटी अल्कोहोल वापरत नाहीत, नुसतं हवेवर आणि उबेवर वाळवतात. अँटिबॉडीचे स्टेन करणाऱ्यांना हे सगळं फार सोपं वाटतं, दुपारपर्यंत स्लाइड तयार होते.

मायक्रोस्कोपखाली निळा प्रकाश, साधारण ४८५ नॅनोमीटर, टाकला की ५२५ च्या आसपासचा हिरवा परत येतो. काळ्या जमिनीवर मरणाऱ्या न्यूरॉनचं नुसतं अंग नाही तर त्याच्या फांद्या, लांब तंतू, तंतूंची टोकं सगळं दिसतं. सोबत डॅपी नावाचा निळा रंग लावला तर सगळ्या पेशींची केंद्रकं निळी दिसतात आणि त्या निळ्या गर्दीत मरणारे हिरवे नेमके कुठे बसलेत ते कळतं.

आणि हे ‘कुठे’ फार महत्त्वाचं असतं, कारण मेंदू सरसकट मरत नाही. कायनिक ॲसिड नावाचं एका समुद्री शेवाळातलं द्रव्य उंदराला दिलं तर त्याला जोरात फिट्स येतात आणि मग हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी बसवणारा भाग, त्यातली सीए३ नावाची पट्टी विशेष करून हिरवी होते, तर रक्तपुरवठा काही मिनिटं थांबवला तर त्याच्याच शेजारची सीए१. एकाच अवयवात, मिलिमीटरभर अंतरावर, एक पट्टी मरते आणि दुसरी वाचते. हे नुसतं पुस्तकी नाही, १९८७ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाकडचे शिंपले खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, त्यांत डोमोइक ॲसिड होतं, कायनिक ॲसिडचाच भाऊबंद, काही जण दगावले आणि वाचलेल्यांपैकी काहींची नवीन गोष्टी लक्षात ठेवायची ताकदच गेली, आणि दगावलेल्यांच्या मेंदूंमध्ये इजा नेमकी हिप्पोकॅम्पसमध्ये सापडली.

आता लोक हमखास विचारतात की हा रंग मरणाऱ्या न्यूरॉनमधल्या नेमक्या कशाला चिकटतो? तर यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून एकमत नाही. मरणाऱ्या पेशीत काही जोरदार धनभारित रेणू उघडे पडतात आणि हा ऋणभारित रंग त्यांना धरतो, असा अंदाज आहे, पण तो रेणू कुठला हे पक्कं झालेलं नाही. मला यात लाजण्यासारखं काही वाटत नाही, औषधांमध्येही अशी कितीतरी आहेत जी आधी लागू पडली आणि का लागू पडली ते नंतर कळलं. पण यातून एक बंधन मात्र येतं, फ्लुओरो-जेड न्यूरॉन मरतोय एवढंच सांगतो, कशामुळे आणि कुठल्या पद्धतीने मरतोय ते सांगत नाही.

पेशी मरायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. एक ॲपॉप्टोसिस, ज्यात पेशी स्वतःच ठरल्यासारखी स्वतःला आवरून घेते, डीएनएचे तुकडे करते, आणि आजूबाजूला फार गडबड न करता नाहीशी होते. दुसरी नेक्रोसिस, ज्यात पेशी फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि शेजाऱ्यांनाही त्रास होतो. फ्लुओरो-जेड दोन्हीकडे चमकतो. मग लोक त्याच्या जोडीला टनेल नावाचा स्टेन करतात, १९९२ मध्ये आलेला, जो डीएनएच्या तुटलेल्या टोकांना रंग लावतो, पण बऱ्याच ठिकाणी टनेल म्हणजे ॲपॉप्टोसिस असं जे सरळ लिहिलेलं असतं ते बरोबर नाही, नेक्रोसिसमध्येही डीएनए तुटतोच की. ॲपॉप्टोसिस म्हणायचं असेल तर कापलं गेलेलं कास्पेस-३ हे प्रथिन दाखवा, शक्य असेल तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर पेशीचा आकार दाखवा, मग बोला.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ, आणि माझ्या मते निम्म्या चुका इथेच होतात. १९८२ मध्ये जपानच्या ताकाआकी किरिनोंनी जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यावर काम केलं. जर्बिलच्या मेंदूखालचं रक्तवाहिन्यांचं वर्तुळ अपुरं असतं, त्यामुळे मानेतल्या दोन धमन्या दाबल्या की पुढच्या मेंदूचं रक्त जवळपास थांबतं. त्यांनी ते फक्त ५ मिनिटं थांबवलं आणि परत सुरू केलं. पहिल्या दिवशी सीए१ मधले न्यूरॉन बघितले तर जवळजवळ ठीकठाक. दुसऱ्या दिवशी बदल दिसायला लागले. चौथ्या दिवशी बहुतेक मेलेले. म्हणजे इजा ५ मिनिटांची आणि मरण तीन-चार दिवसांनी. आता समजा कुणी अशाच प्रयोगात २४ तासांनी मेंदू काढला आणि फ्लुओरो-जेड केला, स्लाइड अंधारी येईल आणि तो लिहील की काही इजा नाही. आणि कुणी दोन-तीन महिन्यांनी काढला तर तोवर मेलेल्या पेशी मायक्रोग्लियाने, म्हणजे मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशींनी, खाऊन साफ केलेल्या असतात, तीही स्लाइड बरीचशी अंधारी येईल. पहिली स्लाइड अंधारी कारण कुणी अजून मेलं नाही, दुसरी अंधारी कारण मेलेले आता तिथे राहिलेच नाहीत, आणि मायक्रोस्कोपला दोन्ही सारख्याच. म्हणून चांगल्या अभ्यासात वेगवेगळ्या दिवशीचे मेंदू बघतात आणि शेजारच्या कापावर निस्ल करून उरलेले न्यूरॉनही मोजतात. फ्लुओरो-जेडवरून ‘आत्ता किती मरतायत’ कळतं, आणि ‘एकूण किती गेले’ त्याला मोजणीच करावी लागते.

तिसरं, चमकणारं सगळंच न्यूरॉन नसतं. काही परिस्थितींमध्ये, विशेषतः इजेला बरेच दिवस झाले असतील तर, खवळलेल्या ग्लिया पेशी, म्हणजे न्यूरॉनच्या आजूबाजूच्या मदतनीस पेशी, याही फ्लुओरो-जेड पकडतात असं वेगवेगळ्या लॅबनी दाखवलंय. त्यांचा आकार लहान आणि झुडपासारखा असतो, अनुभवी माणसाला ओळखू येतो, पण खात्रीसाठी ग्लियाची खूण दाखवणारी अँटिबॉडी सोबत लावावी. न्यूरॉनची खूण म्हणून न्यून (NeuN) नावाचं प्रथिन बघतात, फक्त त्यात अडचण अशी की मरणारा न्यूरॉन ते प्रथिन दाखवणंही बंद करतो, त्यामुळे हिरवी पेशी न्यूनला उत्तर देत नाही म्हणून ती न्यूरॉन नव्हतीच असं म्हणता येत नाही. आणि मोजणाऱ्याला कुठली स्लाइड कुठल्या गटातली हे माहीत नसावं, याबाबत मी अगदी हट्टी आहे, कारण फिकट हिरवी पेशी धरायची की सोडायची हा निर्णय प्रत्येक स्लाइडवर अनेकदा घ्यावा लागतो आणि मन नकळत आपल्याला हव्या त्या बाजूला झुकतं.

हे सगळं प्रत्यक्षात कशाला लागतं त्याचं उदाहरण केटामाइनचं. भूल द्यायला हे औषध जगभर वापरतात, आपल्याकडेही लहान मुलांच्या ऑपरेशनमध्ये. त्याच जेफरसनच्या लॅबमधल्या लोकांनी २००७ मध्ये ऱ्हीसस माकडांवरचा अभ्यास छापला. गर्भातली पिल्लं, जन्मून ५ दिवस झालेली, आणि ३५ दिवसांची, अशा तीन वयांत केटामाइन २४ तास सतत दिलं आणि मग कास्पेस-३, चांदी आणि फ्लुओरो-जेड सी असे तिन्ही स्टेन केले. गर्भातल्या आणि ५ दिवसांच्या पिल्लांच्या मेंदूच्या वरच्या थरात मरणारे न्यूरॉन स्पष्ट वाढलेले दिसले, ३५ दिवसांच्यात वाढ दिसली नाही. आणि ५ दिवसांच्या पिल्लांना २४ ऐवजी फक्त ३ तास दिलं तर तेव्हाही वाढ दिसली नाही. बघा, औषध तेच, मेंदू तोच, आणि वय आणि तास बदलले की उत्तर उलटं. यातही औषध न दिलेली पिल्लं सोबत लागतातच, कारण वाढत्या मेंदूत जास्तीचे न्यूरॉन आपोआप मरत असतात, तो निसर्गाचाच भाग आहे, त्यामुळे थोडा हिरवा रंग निरोगी बाळ-मेंदूतही दिसतो.

अशा प्राण्यांवरच्या कामाचा धागा पुढे थेट आपल्यापर्यंत येतो. डिसेंबर २०१६ मध्ये एफडीएने इशारा दिला की ३ वर्षांखालच्या मुलांना ३ तासांपेक्षा जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागली तर वाढत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. साहजिक आईवडील घाबरले. पण त्याच सुमारास गॅस नावाची मोठी चाचणी चालू होती, सात देशांत, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेली ७२२ तान्ही बाळं, अर्ध्यांना पूर्ण भूल आणि अर्ध्यांना फक्त कमरेखालचा भाग बधिर करून, आणि पूर्ण भूल बहुतेकांत तासाभराच्या आतली. २०१९ मध्ये त्यांचा ५ वर्षांच्या वयाचा निकाल आला, दोन्ही गटांची बुद्धीची चाचणी सारखीच. त्यामुळे तुमच्या बाळाला हर्नियासाठी तासभर भूल द्यायचीय म्हणून डॉक्टर सांगत असतील तर माकडांच्या २४ तासांच्या स्लाइडचा फोटो बघून ऑपरेशन टाळू नका, लांबलचक किंवा वारंवार भुलेचा प्रश्न असेल तर मात्र भूलतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारा, तेही हा विषय जाणतात.

जिवंत माणसावर फ्लुओरो-जेड करता येत नाही हे उघड आहे, मेंदू कापावा लागतो. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंवर करता येतो, पण मृत्यू आणि फिक्सिंग यांत गेलेले तास आणि म्हातारपणाचं लायपोफ्युसिन यांनी चित्र बरंच गढूळ होतं. जिवंत पेशंटसाठी सध्या सगळ्यात जवळचं म्हणजे रक्तातलं न्यूरोफिलामेंट लाइट चेन, न्यूरॉनच्या लांब तंतूंचा सांगाडा ज्या प्रथिनांनी बनतो त्यातलं एक, तंतू खराब झाले की ते पाझरून मणक्याच्या पाण्यात आणि तिथून अगदी थोडं रक्तात येतं आणि आता तेवढंही मोजता येतं. एप्रिल २०२३ मध्ये एएलएसच्या, म्हणजे स्नायू हलवणारे न्यूरॉन मरत जातात त्या आजाराच्या, एका जनुकीय प्रकारावरच्या टोफरसन या औषधाला एफडीएने मंजुरी दिली ती मुख्यतः हे प्रथिन रक्तात कमी झालं या आधारावर. पण ते मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यातून आलं, की मेंदूतून नाहीच, हातापायाच्या नसांतून आलं, हे रक्ताच्या त्या आकड्यावरून कळत नाही, आणि तेवढ्यासाठी अजून तरी प्राण्याच्या मेंदूचा काप, तो निळा दिवा आणि हा हिरवा रंग यांच्याकडेच जावं लागतं.